सामाईक विहिरीच्या पाळीवरून दुरावलेले दोन भाऊ: दोघांनाही पटेल असा मार्ग कसा शोधावा?

येरळाकाठ (तालुका तासगाव)

नमस्कार. प्रश्न आमच्या घरचा असला, तरी आपल्या भागात असे घर एकच नसेल, म्हणून येथे सविस्तर मांडतो आहे.

१९७२ च्या दुष्काळानंतर आमच्या आजोबांनी विहीर पाडली. पुढे त्यांच्या हयातीतच जमिनीची वाटणी झाली, विहीर मात्र सामाईक राहिली. माझे वडील, म्हणजे आण्णा, यांचे आठ आणे आणि धाकटे चुलते तात्या यांचे आठ आणे असा हिस्सा आहे. मोटर एकच आहे. पाळी चार-चार दिवसांची असून ती आजोबांनी निळ्या पुठ्ठ्याच्या वहीत स्वतःच्या हाताने लिहून ठेवली आहे. दोघेही शाळू, हरभरा आणि थोडाफार ऊस घेत होते, तोवर त्या वहीवरून कधी शब्दाला शब्द लागला नाही. सात वर्षांपूर्वी तात्यांनी दीड एकर द्राक्षबाग लावून ठिबक बसवले आणि आण्णांनी ऊस वाढवला, तेव्हापासून कुरबुर सुरू झाली.

गेल्या एप्रिलमध्ये द्राक्षवेलींच्या खरड छाटणीनंतर आण्णांच्या पाळीत बाग कोरडी पडू लागली. तिसऱ्या रात्री तात्यांनी न विचारता मोटर चालू केली. पहाटे आण्णा विहिरीवर गेले, तेव्हा डिलिव्हरी पाइप ओला होता आणि विहिरीतले पाणी हातभर खाली गेले होते. त्या दिवसापासून स्टार्टरच्या पेटीला कुलूप असते. दर पाचव्या दिवशी सकाळी सहा वाजता एक भाऊ आपले कुलूप काढतो, दुसरा आपले लावतो आणि दोघे एकमेकांकडे न बघता आपापल्या बांधाने निघून जातात. हे दृश्य मी सुट्टीत घरी गेलो की पाहतो आणि मला ते सहन होत नाही.

गावातल्या जाणत्या मंडळींनी मध्यस्थी केली. "थोडे तू सोड, थोडे तो सोडेल," असे म्हणून आण्णांचे तीन दिवस आणि तात्यांचे पाच असे ठरवून दिले. ते दोन पाळ्याही टिकले नाही. आण्णांना आपला हक्क कापला गेला असे वाटले आणि तात्यांची बाग तीन दिवस तरी कोरडी राहायचीच. कोर्टात जाण्याची इच्छा दोघांचीही नाही. मी पेशाने शिक्षक आहे, शेतीचे मला वरवरचे कळते, आणि मुलगा असल्यामुळे मी आण्णांच्याच बाजूचा आहे असे तात्यांना वाटणे स्वाभाविक आहे. ज्यांची पिके वेगळी, स्वभाव वेगळे आणि झालेल्या गोष्टीची आठवणही वेगळी, अशा दोघांमध्ये समान हित नेमके कुठे आणि कसे शोधायचे? अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

बागायतदार, कवठेमहांकाळ

दादा, आपण हिस्सा आणि दिवस अगदी नेमके सांगितलेत. पण कोणत्या पिकाला कोणत्या महिन्यात किती पाणी लागते, हे आपल्या संपूर्ण प्रश्नात कुठेच आलेले नाही. मध्यस्थांचीही हीच चूक झाली असावी. त्यांनी दिवस वाटले, पाण्याची गरज विचारली नाही.

मी स्वतः बावीस वर्षे बाग सांभाळतो आहे आणि त्याआधी ऊस केला आहे, म्हणून सांगतो. पाटाने पाणी द्यायच्या उसाला सलग पाणी लागते. तासाभराचे पाणी सोडले, तर ते निम्मे पाटातच मुरते आणि शेवटच्या सरीपर्यंत पोहोचत नाही. उलट एकदा रान भरून भिजले, की आठ-दहा दिवस ऊस तग धरतो. ठिबकवरच्या बागेचे नेमके उलटे आहे. तिला थोडे पण नियमित लागते. पाऊण तास एक दिवसाआड मिळाला, तरी बागायतदार रात्री निवांत झोपतो, आणि चार दिवसांचे पाणी एकदम दिले तर ते मुळांच्या खाली निघून जाते. म्हणजे आण्णांना हवे आहे सलग पाणी आणि तात्यांना हवे आहे नियमित पाणी. या दोन मागण्या वेगळ्या आहेत, परस्परविरोधी नाहीत. दोघांनीही द्राक्षेच लावली असती, तर तुमचे काम अधिक अवघड झाले असते.

उन्हाळ्यात तुमची विहीर दिवसाला तीन तास चालते असे धरू. आण्णांच्या चार दिवसांच्या पाळीत बारा तास होतात. त्यातले दोन वेळा पाऊण-पाऊण तास, म्हणजे एकूण दीड तास, बागेला द्यावेत आणि बदल्यात तात्यांनी आपल्या पाळीचा शेवटचा दिवस, पूर्ण तीन तास, आण्णांना सोडावा. आण्णांना साडेतेरा तास मिळतात आणि पाळी एक दिवस आधी सुरू होते. तात्यांना तासांच्या हिशेबाने तोटा दिसेल, पण त्यांच्या पाळीत बागेला पुरून उरलेले पाणी कशाला जाते ते त्यांना विचारून पाहा. बहुधा चाऱ्याच्या मक्याला जात असेल आणि तो मका काही त्यांचा जीव की प्राण नसेल.

आता वर्षाचा हिशेब. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर पहिले चाळीस दिवस फुटी वाढत असतात, तेव्हा बागेला पाणी भरपूर लागते. त्यानंतर सूक्ष्मघड निर्मितीच्या काळात आपण बागायतदार मुद्दाम पाणी कमी करतो, कारण त्या वेळी वेल फार माजला तर काडीत घड धरत नाही. म्हणजे मेच्या उत्तरार्धापासून पाऊस लागेपर्यंत, जेव्हा ऊस पाण्यासाठी आसुसलेला असतो, तेव्हा तात्या मोकळ्या हाताने पाणी देऊ शकतात. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर (फळासाठीची छाटणी), विशेषतः डिसेंबर-जानेवारीत मणी फुगवणीच्या वेळी, बागेची गरज पुन्हा वाढते, आणि त्या थंडीत उसाची तहान कमी असते किंवा ऊस कारखान्याला गेलेला असतो. दोघांची वर्षे एका कागदावर शेजारी शेजारी मांडा. मग भांडण फक्त एप्रिल ते मेच्या मध्यापर्यंतच्या सहा आठवड्यांत उरते, हे दोघांनाही डोळ्यांनी दिसेल. त्या सहा आठवड्यांवर माझ्याकडे सोपा उपाय नाही. एक गोष्ट मात्र आम्ही करतो: शेजाऱ्याच्या तुटलेल्या उसाचे पाचट आणून बागेच्या बोदावर, म्हणजे वेलींच्या ओळीतल्या मातीच्या वरंब्यावर, अंथरतो. ओल टिकते आणि ठिबकची एखादी वेळ वाचते. आण्णांकडे पाचट असणारच. ते जाळण्यापेक्षा भावाच्या बोदावर गेले, तर पाणीही वाचेल आणि बोलायला निमित्तही मिळेल.

हे सगळे दोघांना एकत्र बसवून विचारू नका. आण्णांना उसाच्या बांधावर विचारा, तात्यांना मांडवाखाली. आणि "तुमचे म्हणणे काय?" असे विचारू नका, कारण त्याचे उत्तर दोघांकडेही घोटून तयार असते. "या महिन्यात पाणी चुकले तर काय बिघडते?" असे विचारा.

वाचक, कोरेगाव

वरील उत्तर वाचून मेरी पार्कर फॉलेट या अमेरिकन विदुषीचे एक उदाहरण आठवले, जे मी महाविद्यालयात व्यवस्थापन शिकवताना विद्यार्थ्यांना सांगत असे. १९२५ च्या एका व्याख्यानात त्यांनी ते दिले होते. हार्वर्डच्या ग्रंथालयातल्या एका लहान खोलीत एकाला खिडकी उघडी हवी होती आणि फॉलेट यांना ती बंद हवी होती. शेवटी त्यांनी शेजारच्या रिकाम्या खोलीची खिडकी उघडली. त्या गृहस्थांना मोकळी हवा हवी होती, तीच खिडकी उघडी असावी असा त्यांचा आग्रह नव्हता. फॉलेट यांना फक्त वाऱ्याचा झोत अंगावर नको होता. खिडकी अर्धी उघडली असती, तर ती तडजोड झाली असती आणि दोघेही अर्धवट नाराज राहिले असते. तुमच्या गावकऱ्यांचे तीन आणि पाच दिवस म्हणजे ती अर्धी उघडलेली खिडकी होती.

परंतु केवळ गरजा समजल्याने मने जुळतातच असे नाही, हेही मी पाहिले आहे. २०१६ मध्ये पानी फाउंडेशनची गावागावांतल्या जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा वरूड, अंबाजोगाई आणि आमचा कोरेगाव अशा तीन तालुक्यांत झाली आणि आमच्याच तालुक्यातील वेळू गाव पहिले आले. त्याच्या पुढच्या काळात आमच्या गावातही श्रमदान सुरू झाले. गावात दोन गट असे होते, की एका गटाच्या लग्नाला दुसऱ्या गटातले जेवायला जात नसत. सुरुवातीच्या सभेत दोघांना एकत्र बसवले, तर जुनीच उणीदुणी निघाली. पण घमेल्यांची साखळी करताना रांगेत शेजारी कोण उभे राहणार हे निवडता येत नाही. माझ्या डाव्या हाताला ज्या बाई होत्या, त्यांच्याशी मी सहा वर्षे बोलले नव्हते. पहिला शब्द निघाला तो "सांभाळा, दगड जड आहे" हा.

१९५४ मध्ये मुझफर शेरीफ यांनी ओक्लाहोमा येथील मुलांच्या शिबिरात हेच पाहिले होते. मुलांचे दोन गट पाडल्यावर त्यांच्यात वैर वाढले आणि त्यांना नुसते एकत्र जेवायला बसवल्याने भांडणे थांबली नाहीत. शिबिराचे पाणी बंद पडले आणि सर्वांना मिळूनच बिघाड शोधावा लागला, अशा कामांतून ती हळूहळू निवळली.

म्हणून माझा प्रश्न असा आहे, की तुमच्या विहिरीतला गाळ शेवटचा कधी काढला होता? ते काम एका भावाच्या पैशाने आणि एका भावाच्या परवानगीने होत नाही, आणि पाणी वाढले तर दोघांचेही वाढते.

घाटमाथा, खानापूर

वरील दोघांशी सहमत असूनही मला थोडे वेगळे सांगावेसे वाटते. समान हित शोधताना आपण नेहमी भांडणाऱ्या दोघांकडेच बघतो आणि जे भांडत नाहीत ते सुटून जातात. दादा, आपल्याला आत्या आहेत का? असल्यास त्यांनी हक्कसोडपत्र दिले आहे का, की वाटणीच्या वेळी त्यांना कोणी विचारलेच नाही? हिंदू वारसा कायद्यातल्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीत मुलींचा हक्क मुलांइतकाच आहे. जमीन वडिलोपार्जित असेल आणि दोन भावांनी आपसात सोळा आणे वाटून छान समेट केला, तरी तो समेट उद्या तिसऱ्याच बाजूने उसवू शकतो. मी हे भीती घालण्यासाठी लिहीत नाही. बहिणींना विचारले, तर पुष्कळदा त्याच भावांमधला दुवा ठरतात.

आमच्या तालुक्यात येरळा नदीवर बलवडी आणि तांदुळवाडीच्या लोकांनी उभारलेले बळीराजा स्मृती धरण आहे. नदीतल्या वाळूच्या विक्रीतून त्यांनी पैसा उभा केला. माझ्या दृष्टीने त्यातली सर्वांत मोठी गोष्ट अशी, की पाण्याचा हक्क जमिनीच्या मापाने न ठरवता कुटुंबाच्या हिशेबाने ठरवला आणि ज्यांना जमीन नाही त्यांनाही त्यात धरले. ज्याला वाटा मिळतो तोच राखणीला उभा राहतो, हे त्यामागचे शहाणपण आहे.

दुसरे असे, की जे ठरेल ते लिहून ठेवा, पण कायमचे म्हणून लिहू नका. "ही व्यवस्था या पाडव्यापासून पुढच्या पाडव्यापर्यंत, आठ-आठ आण्यांच्या हिश्शात यामुळे कोणताही बदल होत नाही," एवढे वाक्य पुरे. शेतकऱ्याला पाणी देण्याचे दुःख फारसे नसते. आज उसने दिलेले उद्या वहिवाट म्हणून मागितले जाईल, ही धास्ती त्याला अडवते. हे वाक्य त्या धास्तीसाठी आहे.

कडेपूर रस्ता

थोडक्यात एक सुचवतो. आमच्या कडेगाव तालुक्यातील मोहित्यांचे वडगाव येथे २०२२ पासून रोज संध्याकाळी सात वाजता भोंगा वाजतो आणि दीड तास घरोघरी दूरदर्शन संच आणि मोबाइल बंद ठेवले जातात. त्यातली मला भावलेली गोष्ट ही, की शेजाऱ्याला "बंद करा" असे सांगण्याची वेळ माणसावर येत नाही, ते काम भोंगा करतो. तुमच्या मोटरला टायमर बसवा आणि ठिबकचा पाऊण तास त्यावर लावून ठेवा. तात्यांनी मागायला नको आणि आण्णांनी उपकार केल्यासारखे द्यायला नको.

येरळाकाठ (तालुका तासगाव)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. तीन आठवड्यांनी लिहितो आहे, कारण आपण सुचवल्याप्रमाणे दोघांशी वेगवेगळे बोलायला तेवढा वेळ लागला.

तात्यांशी मांडवाखाली बोललो. माल नुकताच उतरला होता आणि खाली पाने पडली होती. पाणी चुकले तर काय बिघडते, असे विचारल्यावर त्यांनी मला छाटणीनंतरच्या फुटीपासून मण्यापर्यंत सगळे समजावून सांगितले. इतका वेळ ते माझ्याशी गेल्या वर्षभरात बोलले नव्हते. मग स्वतःहूनच म्हणाले, "त्या रात्री मी विचारायला आलो होतो. दारापर्यंत आलो आणि परत फिरलो. एकदा मागितले असते, तर आठ आणे माझे नाहीत, मी मागूनच घेतो, असे झाले असते." मक्याबद्दल कवठेमहांकाळच्या काकांचा अंदाज खरा ठरला.

आण्णांना हे सांगितले नाही. ते तात्यांनीच सांगावे असे मला वाटते. आण्णांना बांधावर तोच प्रश्न विचारला. सलग पाण्याचे त्यांनी अगदी तसेच सांगितले. पण बागेला पाऊण तास दिला तर काय होईल, यावर ते बराच वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "बाग वाळावी असे मला कधीच वाटले नाही. पण आज पाऊण तास दिला, की उद्या तीच पाळी होते." म्हणजे खानापूरच्या ताईंनी किंवा दादांनी लिहिलेली धास्ती दोघांनाही होती, आणि ती एकच होती. दोघेही आठ आणे राखत होते. दुसऱ्याचे आठ आणे कोणालाच नको होते. हे मला त्या कुलपांकडे पाहून कधी सुचले नसते.

आत्या दोन आहेत आणि त्यांच्या सह्या घेतलेल्या नाहीत, हे सातबारा काढल्यावर कळले. मला याची लाज वाटली, कारण हा उतारा मी आजवर अनेकदा हातात घेतला होता. थोरल्या आत्यांना मिरजेला जाऊन भेटलो. विहीर खणली जात असताना दगडाच्या पाट्या आपणही वाहिल्या होत्या, हे त्यांनी सांगितले, आणि हक्काचे नंतर बघू, आधी दोघांना माझ्यासमोर बसवा, असे म्हणाल्या. हक्काचे "नंतर" होऊ नये, म्हणून त्यांच्या समक्षच तोही विषय काढायचा असे मी ठरवले आहे.

गाळ अकरा वर्षांत काढलेला नाही. या मुद्द्यावर दोघेही लगेच तयार झाले, आणि पाण्याच्या बाबतीत दोघांकडून एकाच दिवशी होकार येण्याची ही पहिलीच वेळ. गाळ वर ओढायची यारी ठरवली आहे, पाडव्याच्या आधी काम सुरू होईल आणि त्या वेळी दोन्ही आत्या चार दिवस राहायला येणार आहेत. टायमर मी आणून ठेवला आहे. कागदावरचे वाक्य आजोबांच्या त्याच निळ्या वहीत, शेवटच्या कोऱ्या पानावर लिहावे, असे तात्यांनी सुचवले आहे.

एप्रिलच्या सहा आठवड्यांचे मात्र अद्याप काही ठरलेले नाही. आण्णांनी यंदा पाचट जाळले नाही, बांधाला लागून तात्यांच्या बाजूला रचून ठेवले आहे. तात्यांनी ते अजून उचललेले नाही. काल मात्र त्यांनी माझ्याकडे चौकशी केली, की ते पाचट किती गाड्या भरेल.